‘करण्यात येईल’, पण करणार कोण?

धर्मापुरीसारख्या गावातील एखादा शेतकरी पिकाच्या नुकसानीचा अर्ज घेऊन परळीच्या तहसील कचेरीत जातो. अर्ज देऊन, त्याच्या प्रतीवर शिक्का मारून घेऊन तो गावी परततो. पुढे केव्हा तरी त्याला उत्तर येते. आपला अर्ज या कार्यालयास प्राप्त झाला असून त्यावर नियमानुसार उचित कार्यवाही करण्यात येईल, असे त्यात म्हटलेले असते. उत्तर सभ्य आहे आणि व्याकरणाच्या दृष्टीने निर्दोषही आहे. त्यात अर्ज आहे, नियम आहे, कार्यवाही आहे आणि तिच्यासाठी राखून ठेवलेला भविष्यकाळही आहे. एवढे सारे असून त्यात कार्यवाही करणारा माणूस मात्र नाही. शेतकरी ते पत्र घडी घालून खिशात ठेवतो आणि पुन्हा परळीला कधी जावे याचा विचार करू लागतो. गेल्यावर कोणत्या टेबलापुढे उभे राहावे, हे ते पत्र त्याला सांगत नाही.

‘करण्यात येते’, ‘करण्यात आले’, ‘करण्यात यावे’, ‘करण्यात येईल’ या चार रूपांवर महाराष्ट्राच्या कारभाराचा मोठा डोलारा उभा आहे. परिपत्रके, निविदा, नोटिसा, विधिमंडळातील लेखी उत्तरे, विद्यापीठांचे आदेश, सहकारी संस्थांचे अहवाल, इतकेच काय, गृहनिर्माण संस्थेच्या फळ्यावरची पाणीकपातीची सूचनासुद्धा याच भाषेत लिहिली जाते. सवयीने ती इतकी स्वाभाविक वाटू लागली आहे की तिच्यात काही गैर आहे हे ध्यानातही येत नाही. परंतु या रचनेतील मुख्य क्रियापद कोणते, हे एकदा नीट पाहावे. ते ‘करणे’ नसून ‘येणे’ आहे. पाऊस येतो, थंडी येते, पूर येतो. त्याचप्रमाणे पूल बांधण्यात येतो, अनुदान देण्यात येते आणि योजना बंद करण्यात येते. ज्या गोष्टी माणसे ठरवतात आणि माणसेच करतात, त्या निसर्गातील घटनांप्रमाणे आपोआप येतात व जातात असा भास या एका क्रियापदाने निर्माण होतो. पाऊस आला नाही म्हणून कोणाला जाब विचारायचा? अनुदान आले नाही, तरी तसाच हताश भाव मनात उत्पन्न व्हावा, ही या भाषेची खरी किमया आहे.

याचा दोष मराठी व्याकरणाच्या माथी मारण्याचे कारण नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. तेव्हापासून शाळेतील प्रत्येक मूल कर्तरी, कर्मणी आणि भावे असे तीन प्रयोग शिकत आले आहे. त्यांतील कर्मणी प्रयोगाचे मराठीतले रूप मोठे प्रामाणिक आहे. ‘मुलाने आंबा खाल्ला’ या वाक्यात क्रियापद आंब्याच्या मागे जाते हे खरे. पण मुलगा काही वाक्यातून पळून जात नाही. ‘ने’ हा प्रत्यय लावून तो वाक्याच्या आरंभीच उभा असतो. आंबा कोणी खाल्ला हे विचारण्याची पाळी येत नाही. भूतकाळातील बहुतेक सकर्मक क्रियांविषयी बोलताना मराठी माणूस दिवसभर हाच कर्मणी प्रयोग करतो आणि कर्त्याचे नाव सहजपणे सांगून मोकळा होतो. कर्माला मान द्यावा, पण कर्त्याला लपवू नये, असा या भाषेचा मूळ स्वभाव आहे.

हा स्वभाव जुना आहे. श्रवणबेळगोळ येथील गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेला मराठी लेख सर्वपरिचित आहे. त्यातील दोन छोटी वाक्ये एवढेच सांगतात की, हे चावुंडराजाने करविले आणि भोवतालचे बांधकाम गंगराजाने करविले. मराठीच्या अत्यंत जुन्या शिलालेखांत ज्याची गणना होते, तो हा लेख कर्मणी प्रयोगात आहे आणि त्याच्या दोन्ही वाक्यांत कर्ता तृतीया विभक्तीत ठळकपणे बसलेला आहे. कोणी दगड फोडला आणि कोणी घाम गाळला हे त्या लेखात नाही, हा त्याचा उणेपणा खराच. परंतु हे करविण्याची जबाबदारी कोणाची, हे हजार वर्षांनंतरही वाचता येते. खुद्द धर्मापुरीत चालुक्यकालीन केदारेश्वराचे मंदिर आहे. त्या काळचे दानलेख साधारणपणे एका ठरलेल्या पद्धतीने लिहिले जात. दान कोणी दिले, कोणाला दिले, किती दिले आणि ते कोणी चालू ठेवावयाचे, हे त्यांत नमूद असे. दान मोडणाऱ्याला शापही दिलेला असे. आजच्या भाषेत बोलायचे तर कर्ता, लाभार्थी, रक्कम आणि कसूर झाल्यास शिक्षा या चारही बाबी एका दगडावर मावत होत्या.

मग हा निनावी प्रयोग आला कोठून? मराठवाड्याच्या कचेऱ्यांनी भाषा अनेकदा बदलली. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तेथील दरबारी व्यवहार उर्दूत चालत असे. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. १९६४ साली महाराष्ट्र राजभाषा अधिनियम संमत झाला. भाषा संचालनालयाने पदनामांचे आणि शासनव्यवहाराचे कोश सिद्ध केले. हे काम मोठे होते आणि ते करणाऱ्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. तथापि कचेरीतला मसुदा दीर्घकाळ आधी इंग्रजीत सुचत असे आणि नंतर मराठीत उतरत असे. इंग्रजी दप्तराला कर्त्यावाचून बोलण्याची जुनी सवय होती. ती सवय मराठीत आणण्यासाठी ‘-ण्यात येणे’ ही रचना फारच सोयीची ठरली. शालेय व्याकरणांत ज्याला ‘नवीन कर्मणी’ म्हणतात तो ‘रामाकडून रावण मारला गेला’ या धर्तीचा प्रयोगही इंग्रजीच्याच प्रभावाचे फळ मानला जातो. पण त्यात निदान ‘रामाकडून’ एवढे तरी शिल्लक असते. कचेरीच्या मराठीने तेही काढून टाकले.

इंग्रजीतही ही सवय निंदेवाचून राहिलेली नाही. जॉर्ज ऑर्वेल याने १९४६ साली राजकारण आणि इंग्रजी भाषा यांविषयी लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात, कर्तरी प्रयोग शक्य असेल तेथे कर्मणी वापरू नये, असा नियमच घालून दिला. पुढे १९८७ च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रीगन यांनी इराणला शस्त्रे पुरविण्याच्या प्रकरणाविषयी काँग्रेसपुढे बोलताना गंभीर चुका झाल्याचे मान्य केले. चुका झाल्या, पण केल्या कोणी हे त्या वाक्यात नव्हते. तेव्हापासून, आणि त्याच्या आधीपासूनही, इंग्रजीच्या रोजच्या व्यवहारात हे वाक्य टिंगलीचा विषय झाले आहे. चूक कबूल करायची, पण आपल्या पदरात घ्यायची नाही, अशी सोय त्यात आहे. मराठीत तर यासाठी कर्मणी प्रयोगाचीही गरज पडत नाही. ‘चूक झाली’ हे दोन शब्द पुरतात.

या भाषेच्या बाजूने जे बोलता येते तेही ऐकले पाहिजे. सरकारी कारभार व्यक्तीच्या नावाने चालू नये, तो पदाच्या आणि नियमाच्या नावाने चालावा, हे आधुनिक राज्यव्यवस्थेचे तत्त्व आहे. ‘मी तुम्हाला जमीन देतो’ असे म्हणणारा अधिकारी हा जुन्या काळच्या जहागीरदाराचा वंशज ठरेल. अनुदान ही कोणाची मेहेरबानी नसून हक्क आहे हे दाखवायचे, तर देणाऱ्याचा ‘मी’ मागेच राहिलेला बरा. शिवाय अनेक ठिकाणी कर्ता सर्वांना ठाऊक असतो किंवा तो कोण याला महत्त्व नसते. मतमोजणी सकाळी आठ वाजता सुरू करण्यात येईल, या सूचनेत पेट्या कोण उघडणार हे कोणी विचारीत नाही. वेळ कळली की काम भागते. तेव्हा ‘करण्यात येईल’ हा प्रयोग सरसकट हद्दपार करावा असे म्हणणे हा भाषेवरही अन्याय होईल.

प्रश्न आहे तो सूचना आणि वचन यांतील भेदाचा. सूचनेत कर्ता नसला तरी चालतो. वचनात तो नसेल तर ते वचनच राहत नाही. सूचना देणारा घटना सांगत असतो, वचन देणारा स्वतःला बांधून घेत असतो. ‘रस्ता दुरुस्त करण्यात येईल’ हे वाक्य सूचनेच्या पोशाखात वावरणारे वचन आहे, आणि म्हणून ते कोणालाही बांधत नाही. व्यक्तीचा अहंकार नको असेल तर व्यक्तीचे नाव गाळावे. पद का गाळावे? ‘हा रस्ता उपअभियंता अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करतील’ असे लिहिल्याने कोणीही जहागीरदार होत नाही.

निनावीपणा हे खरोखरच तत्त्व असते, तर ते सर्वत्र सारखे पाळले गेले असते. प्रत्यक्षात ते कोठे पाळले जाते हे पाहण्यासाठी कोणत्याही गावातील समाजमंदिराच्या किंवा पाण्याच्या टाकीच्या कोनशिलेपुढे उभे राहावे. तेथे शुभहस्ते कोणाच्या, अध्यक्ष कोण, प्रमुख उपस्थिती कोणाची, हे सारे संगमरवरावर सोनेरी अक्षरांत असते. नारळ फोडणाऱ्याचे नाव आहे. टाकी गळू लागली तर जबाबदार कोण त्याचे मात्र नाही. टाकी गळते तेव्हा वृत्त येते ते असे: कामात त्रुटी आढळून आल्या असून चौकशी करण्यात येत आहे. श्रेय नेहमी कर्तरी असते आणि दोष नेहमी कर्मणी. भाषेची ही विभागणी अपघाताने झालेली नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर कर्त्याचा अभाव हा एक खर्च आहे आणि तो कोणी तरी भरतोच. धर्मापुरीच्या शेतकऱ्याला कर्ता शोधण्यासाठी परळीला आणि प्रसंगी जिल्ह्याला बीडला खेपा घालाव्या लागतात. प्रत्येक खेपेस एसटीचे भाडे आहे, एका दिवसाची बुडालेली मजुरी आहे आणि पेरणीच्या किंवा काढणीच्या दिवसांत तर त्याहून अधिक काही बुडते. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही, कारण तो सरकारच्या खात्यावर पडत नाही. ज्याला हा खर्च परवडत नाही तो मध्यस्थ गाठतो. मध्यस्थाचा सारा धंदा एका माहितीवर चालतो: कागद कोणाच्या टेबलावर आहे, ही ती माहिती. जी गोष्ट पत्राच्या एका ओळीत फुकट मिळायला हवी, ती कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर विकत घ्यावी लागते. कर्त्याचे नाव गाळणारे वाक्य अशा रीतीने एक बाजारपेठ निर्माण करते.

कायद्याने जेथे जेथे कर्ता वाक्यात परत आणला, तेथे नागरिकाच्या हाती काही तरी आले, हा गेल्या अर्धशतकाचा अनुभव आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळातून तावून सुलाखून निघालेल्या महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला आणि तो १९७९ च्या २६ जानेवारीपासून अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता, हे त्याचे सूत्र होते. ‘रोजगार उपलब्ध करून देण्यात येईल’ या जातीच्या आश्वासनापेक्षा ते निराळे होते, कारण त्यात मुदत होती आणि मुदत मोडल्याची किंमतही होती. अर्थात मागणीची तारीखवार पावतीच मिळाली नाही, तर पंधरा दिवस मोजायचे कोठून, या प्रश्नाने मजुरांना पुष्कळ छळले. तेथेही अडचण हीच होती की मागणी ‘नोंदविण्यात’ यायची होती. ती नोंदवायची कोणी, यावर बोट ठेवता येत नव्हते.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्याने हे बोट ठेवले. प्रत्येक कार्यालयात जनमाहिती अधिकारी कोण हे ठरले, तीस दिवसांची मुदत ठरली आणि विनाकारण विलंब केल्यास दिवसाला २५० रुपये, कमाल २५,००० रुपये दंड त्या अधिकाऱ्यावर बसू शकेल असे ठरले. दंड कार्यालयावर नाही, अधिकाऱ्यावर. महाराष्ट्राच्या विलंबप्रतिबंधक कायद्याने कोणत्याही कर्मचाऱ्याकडे नस्ती सामान्यतः कामाच्या सात दिवसांहून अधिक काळ पडून राहू नये असे बंधन घातले. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी, मुदत आणि अपिलाची जागा सांगितली. या कायद्यांचा अंमल किती होतो हा वेगळा विषय आहे आणि त्यावर समाधान मानावे अशी स्थिती नाही. पण त्यांचे व्याकरण पाहावे. ते कर्त्यापासून सुरू होते. दुर्दैव असे की याच कायद्यांखाली केलेल्या अर्जांना जी उत्तरे पाठविली जातात, ती पुन्हा ‘कळविण्यात येते की’ अशी सुरू होतात.

हा केवळ कागदी घोड्यांचा प्रश्न असता तर त्यासाठी एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. बीड जिल्ह्यात कर्त्याचा लोप माणसांच्या शरीरापर्यंत पोचलेला आहे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातून लक्षावधी माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल मुकादम देतो, मुकादमाला वाहतूक कंत्राटदार देतो, कंत्राटदाराला कारखाना देतो. मजुराचा मालक कोण असे विचारले तर कारखाना कंत्राटदाराकडे पाहतो, कंत्राटदार मुकादमाकडे आणि मुकादम कारखान्याकडे. ‘मजूर पुरविण्यात येतात’ हे वाक्य येथे साऱ्या व्यवहाराचे सार होऊन बसते. अपघात झाला, आजारपण आले, मूल शाळेतून सुटले, तर यांतले काहीच कोणी केलेले नसते. ते झालेले असते.

याच व्यवस्थेतून गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचे प्रकरण २०१९ साली साऱ्या देशापुढे आले. राज्य शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतील १३ हजारांहून अधिक महिलांचे गर्भाशय काढलेले असल्याचे दिसून आले. गावात या शस्त्रक्रियेला दोनच शब्द आहेत: ‘पिशवी काढली.’ कोणी काढली, कोणाच्या सांगण्यावरून, कोणता रोग होता म्हणून, हे त्या दोन शब्दांत नाही. कामावर एक खाडा झाला की दंड, फडाजवळ ना पाणी ना संडास, साध्या तक्रारीवर कर्करोगाची घातलेली भीती आणि शस्त्रक्रियेसाठी पुन्हा घेतलेली उचल, अशी कर्त्यांची एक रांगच या दोन शब्दांच्या मागे उभी आहे. त्यांतील प्रत्येक जण म्हणू शकतो की आपण काही केले नाही. यावर उपाय म्हणून खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे बंधन घालण्यात आले, तेव्हा व्यवहारात झाले ते एवढेच की निर्णयाच्या कागदावर एका जबाबदार माणसाची सही आली. पण ‘एवढेच’ हे फार मोठे आहे.

महात्मा फुले यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून शेतकऱ्याच्या दैन्याची मांडणी केली, तेव्हा आरंभीच त्यांनी अनर्थांची साखळी उलगडून दाखविली आणि शेवटी ते सारे अनर्थ करणारी कोण, हे एका शब्दात सांगितले. अविद्या ही त्यांच्या वाक्यातील कर्ता आहे. दैन्य ‘आले’ असे म्हणून ते थांबले नाहीत, आणि पुढच्या पानांतून त्या अविद्येचा लाभ घेणाऱ्यांचाही पत्ता त्यांनी दिला. मराठी गद्याला कर्ता सांगण्याचे वळण लावणाऱ्या या परंपरेचा वारसा आज सांगायचा तर तिच्या वाक्यरचनेचाही सांगावा लागेल.

या दोषापासून इतर क्षेत्रेही मुक्त नाहीत. वृत्तपत्रांतून गुन्हे ‘दाखल करण्यात येतात’ आणि आरोपी ‘ताब्यात घेण्यात येतात’. अर्थशास्त्राची पुस्तके भाव ‘वाढले’, रोजगार ‘घटला’ आणि शेतीतील गुंतवणूक ‘मंदावली’ असे लिहून पुढे जातात, जणू भाव हे मृगाच्या सरीसारखे स्वतःहून येतात. निर्यातबंदीचा निर्णय कोणी तरी घेतलेला असतो आणि कांद्याचा भाव त्यानंतर पडलेला असतो. विद्यार्थ्याने हे दोन्ही एकाच वाक्यात लिहावे, एवढी शिस्त महाविद्यालयांतून लागली तरी पुष्कळ झाले.

सुधारणा म्हणून भाषाशुद्धीची मोहीम उघडण्याची आवश्यकता नाही. नागरिकाला पाठविलेल्या प्रत्येक पत्रात तीन गोष्टी असाव्यात: हे काम कोणते पद करील, ते कोणत्या तारखेपर्यंत करील आणि न केल्यास दाद कोठे मागावी. त्यासाठी नवा कोश लागत नाही, नवा कायदाही लागत नाही. ज्या सेवांना कायदा लागू आहे त्यांच्या बाबतीत ही माहिती कार्यालयापाशी आधीपासून आहेच. ग्रामसभांनीही आपल्या ठरावांत ‘करण्यात यावे’ असे लिहिणे सोडावे आणि ‘ग्रामसेवकांनी अमुक तारखेपर्यंत करावे’ असे लिहावे. पुढच्या सभेत ठराव वाचला जाईल तेव्हा प्रश्न कोणाला विचारायचा याचा घोळ होणार नाही.

तसे झाले तर धर्मापुरीच्या शेतकऱ्याचे काम हमखास होईल असे नाही. निधी नसेल, नियम आडवा येईल, अर्ज नामंजूरही होईल. परंतु नामंजूर करणाऱ्याचे पद आणि नामंजुरीचे कारण त्याच्या हातातील कागदावर असेल. पुन्हा परळीची एसटी धरताना आपण कोणाला भेटायला चाललो आहोत, हे त्याला ठाऊक असेल. आज त्याला तेवढेही ठाऊक नसते.